सांधा निखळतो तेव्हा

चहाचा कप पडला की बहुतेक वेळा आधी जातो तो त्याचा कान. कप शाबूत असतो, कानाचा तुकडाही शाबूत असतो, फक्त दोघांची भेट जिथे होते ती जागा सुटलेली असते. चपलेचा अंगठा उसवतो तो तळव्याला शिवलेला असतो तिथेच. पातेल्याचा दांडा हलायला लागतो तो रिबिटापाशी. आपण याचा फारसा विचार करत नाही. चांभाराकडे जातो, चार टाके घालून आणतो आणि विसरतो.

मीही विसरलो असतो. मी मराठीत कविता करणारा माणूस. शिक्षण बी.ए. गणिताचा आणि माझा संबंध दहावीला संपला, तोही दोघांच्या संमतीने. पण माझी एक भाची पुण्यात इंजिनिअर आहे. यंत्राचा एखादा भाग प्रत्यक्षात बनवण्याआधी तो किती ओझं सोसेल, कुठे वाकेल, कुठे तडकेल हे संगणकावर तपासायचं, हे तिचं काम. सुट्टीला घरी आली तेव्हाही तिचा संगणक उघडाच होता. पडद्यावर रंगीबेरंगी चित्र होतं, कुठे निळं, कुठे हिरवं, कुठे लालभडक. मी म्हटलं, ‘‘छान दिसतंय.’’ ती म्हणाली, ‘‘मामू, छान दिसतंय तीच तर भीती आहे. हा सांधा खोटा आहे.’’

चित्र सुंदर, उत्तर आलेलं, आणि तरी सांधा खोटा. हे काय प्रकरण आहे, ते समजून घ्यायचा मी पुढे बरेच दिवस प्रयत्न केला. त्यातून हाती आलेली गोष्ट आज सांगतो. ती अमेरिकेतल्या विमानाच्या पंखापासून सुरू होते आणि नॉर्वेच्या समुद्रात तळाला जाते.

संगणकावरच्या या तपासणीला ‘फायनाइट एलिमेंट मेथड’ म्हणतात. आपण तिला मोजक्या तुकड्यांची पद्धत म्हणू. एखादी वेडीवाकडी वस्तू घ्या, पूल, धरण, विमानाचा पंख. ती दाबाखाली कशी वागेल याचं एकच एक सूत्र मांडणं जवळजवळ अशक्य असतं. मग तिचे मनातल्या मनात लहान लहान तुकडे पाडायचे. एका तुकड्याचं वागणं सोपं असतं, ते मांडता येतं. तुकडे जिथे एकमेकांना भेटतात तिथे गाठी मारायच्या. इंजिनिअर या गाठीला ‘नोड’ म्हणतात. एका तुकड्याची गाठ जितकी हलली तितकीच शेजारच्याचीही हलली पाहिजे, एवढी अट घालायची आणि सगळ्या गाठींचा हिशेब एकदम सोडवायचा. हजारो, लाखो समीकरणं. माणसाच्या हाताने हे होणार नाही. यंत्राला मात्र कंटाळा नसतो.

या कल्पनेची मुळं जुनी आहेत. रिचर्ड कूरंट या गणितज्ञाने १९४३ मध्ये छापलेल्या एका निबंधात पिळल्या जाणाऱ्या दांड्याचा छेद त्रिकोणांत वाटून हिशेब केला होता. पण तेव्हा संगणक हाताशी नव्हते, म्हणून ती कल्पना पडून राहिली. १९५२ च्या उन्हाळ्यात रे क्लफ नावाचे बर्कलीचे तरुण प्राध्यापक बोइंग या विमान कंपनीत सुट्टीतलं काम करायला गेले. तिथे प्रश्न होता त्रिकोणी आकाराच्या नव्या पंखांचा. जुन्या हिशेबात पंख म्हणजे एक लांब दांडा मानत. हे नवे पंख दांड्यासारखे वागेनात. तेव्हा पंखाच्या पत्र्याचेच तुकडे मानून हिशेब करायची युक्ती निघाली. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा त्यावरचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी क्लफ नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरी वर्षभरासाठी गेले. पुढे १९६० मध्ये एका निबंधात त्यांनी या पद्धतीला आजचं नाव दिलं. नॉर्वे एवढं लक्षात ठेवा, आपल्याला तिथे परत जायचं आहे.

आता तुकड्यांविषयी. तुकडे सगळे एका जातीचे नसतात. त्यांतल्या दोन जाती आपल्या कामाच्या. पहिली ‘सॉलिड’, म्हणजे वीट. लांबी, रुंदी, जाडी सगळं भरीव. दुसरी ‘शेल’, म्हणजे कवच. नारळाची करवंटी, छपराचं कौल, मोटारीचा पत्रा, जहाजाचं अंग, ही सगळी कवचं. त्यांची जाडी बाकी आकाराच्या मानाने इतकी कमी असते, की हिशेबात ती वस्तू नुसता एक पृष्ठभाग मानायची आणि जाडी बाजूला आकडा म्हणून लिहून ठेवायची. ही शहाणपणाची काटकसर आहे. पातळ पत्रा जर विटांनी मांडायला गेलं, तर जाडीत मावण्यासाठी विटा इवल्याशा कराव्या लागतात आणि मग त्यांची संख्या इतकी वाढते की यंत्रही दमतं. पातळ पाट कसे वाकतात याचं गणित किर्खहोफ यांनी १८५० मध्ये बसवलं होतं. वक्र कवचांचं गणित लव्ह यांनी १८८८ मध्ये मांडलं. म्हणजे कवचाचं शास्त्र संगणकाच्या कितीतरी आधीचं.

पण खऱ्या जगात वस्तू नुसती वीट नसते आणि नुसतं कवचही नसते. जहाजाचा पत्रा जाड ओतीव भागाला जाऊन मिळतो. टाकीचं पातळ अंग तिच्या जाड तोंडाला मिळतं. इथे कवच संपतं आणि वीट सुरू होते, आणि इथेच घोटाळा होतो.

भाचीने मला तो घोटाळा स्वयंपाकघराच्या दारापाशी उभं राहून समजावला. ‘‘मामू, विटेची गाठ फक्त सरकू शकते. पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली. तीन मुभा. कवचाची गाठ सरकतेही आणि वळतेही. तिला सहा मुभा. विटेला वळण म्हणजे काय हे ठाऊकच नाही, तो शब्दच तिच्या भाषेत नाही. आता कवचाची कड विटेच्या एका ओळीतल्या गाठींना नुसती चिकटवली तर काय होईल?’’ मला सांगता आलं नाही. तिने दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ‘‘हे होईल. बिजागरी. सरकणं एकमेकांना कळलं, वळणं कळलंच नाही. प्रत्यक्षात तिथे पक्कं वेल्डिंग आहे आणि हिशेबात दार झुलतंय.’’

यातली खरी भीती पुढे आहे. कधी कधी असा खोटा सांधा पाहून गणित अडून बसतं, उत्तरच येत नाही. ते बरं. पण कधी आजूबाजूच्या जोडण्यांमुळे ते कसंबसं तगून राहतं आणि मुकाट्याने उत्तर देतं. चित्र रंगीत येतं. आकडे दशांश चिन्हानंतर सहा घरांपर्यंत येतात. सांध्यातून जो पीळ, जो वाक पलीकडे जायला हवा होता, तो गेलेलाच नसतो. त्याचं ओझं हिशेबात दुसऱ्याच कुणाच्या खांद्यावर पडलेलं असतं.

या सांध्यावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत पुष्कळ डोकी खपली आहेत. सगळ्यांत सोपा उपाय सुताराला सुचेल असा. फळी भिंतीला नुसती टेकवली तर खाली येते, म्हणून आपण ती भिंतीत चार बोटं रुतवतो. तसंच कवच विटांच्या आत एक-दोन घरं घुसवायचं. मग कवच वळू लागलं की आतल्या विटा एका बाजूला दाबल्या आणि दुसऱ्या बाजूला ओढल्या जातात, आणि वळण त्यांना कळतं. उपाय सोपा, पण तेवढ्या भागात तीच वस्तू दोनदा मोजली जाते, याचं भान ठेवावं लागतं.

दुसरा उपाय बंधनाचा. कवचाच्या कडेची गाठ आणि तिच्यासमोरच्या विटांच्या जाडीभरच्या सगळ्या गाठी यांच्यात करार करायचा. कवच वळलं, तर वरच्या गाठीने इतकं पुढे जायचं, खालचीने तितकं मागे. करार कडक केला की सांधा पक्का होतो. पण मग एक नवीन अडचण येते. रबर ताणलं की बारीक होतं, तसं लोखंडही अगदी किंचित होतं. कडक करार त्याला तेवढंही आक्रसू देत नाही. परिणामी सांध्यापाशी प्रत्यक्षात नसलेला ताण चित्रात लालभडक दिसू लागतो. आधी खरा ताण लपत होता, आता खोटा ताण दिसू लागला. यावर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या मॅक्यून, आर्मस्ट्राँग आणि रॉबिन्सन यांनी २००० मध्ये वेगळा विचार मांडला. गाठींना जखडू नका, म्हणाले. सांध्याच्या एका बाजूने जेवढं काम दिलं, तेवढंच दुसऱ्या बाजूला मिळालं पाहिजे, एवढंच बघा. देण्याघेण्याचा हिशेब जुळला, की आत कुणी कसं आक्रसायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. मला हा विचार फार सभ्य वाटला.

तिसरा मार्ग मुळातूनच वेगळा. वेल्समधल्या स्वान्सी इथे झेन्क्यविच या प्राध्यापकांभोवती या शास्त्राचं मोठं घराणं उभं राहिलं होतं. तिथल्या अहमद, आयर्न्स आणि झेन्क्यविच या तिघांनी १९७० मध्ये विटेपासूनच कवच घडवलं. विटेला अट घातली, की जाडीतून जाणारी सरळ रेघ सरळच राहील. एवढ्या अटीने वीट पातळ व्हायला आणि वळायला शिकली. ती फार पातळ झाली की हिशेबात नको तितकी ताठ व्हायची. तो ताठरपणा घालवायची युक्ती पुढच्याच वर्षी स्वान्सीतूनच आली. मग १९८० मध्ये करण सुराणा यांनी खास मधले तुकडे मांडले. एका बाजूने वीट, दुसऱ्या बाजूने कवच. दोन भाषा जाणणारा एक दुभाषी मध्ये बसवावा तसे.

या घराण्यातल्या ब्रूस आयर्न्स यांची आणखी एक देणगी सांगायला हवी, ती म्हणजे १९६५ साली पुढे आलेली ‘पॅच टेस्ट’, ठिगळाची परीक्षा. वेडेवाकडे चार-सहा तुकडे जोडून एक ठिगळ करायचं आणि त्याला अगदी साधं काम द्यायचं, सगळीकडे सारखा ताण. उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. तुकड्यांनी तेवढं साधं उत्तर बिनचूक दिलं, तरच त्यांना मोठ्या कामाला लावायचं. भांडं विकत घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, तशीच ही परीक्षा.

आता नॉर्वेकडे जाऊ. उत्तर समुद्रात स्लाइपनर नावाचं तेल-वायूचं क्षेत्र आहे. तिथे पाणी ८२ मीटर खोल. तिथल्या वायूसाठी स्टेटॉइल या कंपनीला समुद्रात एक प्रचंड फलाट उभा करायचा होता. वरच्या मजल्याचं वजन ५७ हजार टन, दोनशे माणसांची राहण्याची सोय. हे सगळं पेलायला खाली काँक्रीटचा तळ. तो किनाऱ्यालगत, स्टाव्हांगर शहराजवळच्या गांडस्फ्योर्ड या खाडीत बांधला जात होता. या घडणीचे तळ नॉर्वेने १९७० च्या दशकापासून यशस्वीपणे उभारले होते, म्हणजे हात नवखे नव्हते.

तळ म्हणजे चोवीस उंच कोठ्यांचा एक जुडगा. धान्याच्या कणग्या एकमेकींना चिकटवून उभ्या कराव्यात तशा. त्यांतल्या चार कोठ्या वर वाढवून त्यांचेच खांब केलेले. तीन कणग्या चिकटवून ठेवल्या की त्यांच्यामध्ये एक तिकोनी फट राहते. तशाच फटी इथेही होत्या, आणि त्या वरून उघड्या होत्या. तळ पाण्यात उतरवला की फटीत समुद्र भरणार आणि तिच्या भिंतींना बाहेर, कोठ्यांकडे रेटणार. कोठ्यांच्या आत हवा. म्हणजे या तिकोनी फटींच्या भिंती आणि त्या जिथे एकमेकींना मिळतात ते कोपरे, हेच खरे कसोटीचे सांधे.

२३ ऑगस्ट १९९१ रोजी, वरचा मजला बसवण्याच्या तयारीसाठी, तळात पाणी घेत घेत तो खोल उतरवला जात होता. तेव्हा आतून मोठा आवाज झाला. कुठेतरी भिंत फुटली होती आणि पाणी पंपांना आवरेना इतकं आत येत होतं. त्यावर काम करणारी सगळी माणसं वेळेत बाहेर पडली, ही मोठीच गोष्ट. वीस मिनिटांच्या आत तळ पाण्याखाली गेला. खाली जाताना वाढत्या दाबाने कोठ्या चिरडल्या आणि समुद्रतळावर जे आदळलं त्याचा हादरा भूकंपमापकावर तीन रिश्टरचा नोंदला गेला. उरला तो दगडामातीचा ढीग. एकूण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर.

चौकशी झाली. नॅस्ट्रान हा प्रोग्रॅम वापरला होता. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६० च्या दशकात तो तयार करवून घेतला आणि पुढे तो जगभर नावाजला. प्रोग्रॅमचा दोष नव्हता. त्याला जे तुकडे दिले होते, त्यांचा दोष होता. तिकोनी फटीच्या भिंतीपाशी तुकडे फार मोठे आणि तिरके पडले होते. भिंत जिथे कोपऱ्याला मिळते, तिथे तिला कातरणारा जोर खऱ्यापेक्षा ४७ टक्के कमी आला. त्या आकड्यावर विसंबून भिंत कमी ताकदीची ठेवली गेली. भरीला सळ्यांची टोकं त्या सांध्यात पुरेशी आत रुतवलेली नव्हती. अपघातानंतर बारकाईने पुन्हा हिशेब केला, तेव्हा ही भिंत ६२ मीटर पाण्याच्या दाबाला फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फुटली होती. म्हणजे तीच पद्धत, तेच गणित खरंही बोलू शकत होतं. त्याला नीट विचारलं नव्हतं, एवढंच.

स्लाइपनरची चूक म्हणजे नेमकी कवचाला वीट जोडण्याची चूक नव्हे, हे सांगायला हवं. पण ठिकाण तेच होतं. भिंत कोपऱ्याला मिळते ती जागा. आणि स्वभावही तोच होता. चूक कुठल्या मोठ्या भिंतीच्या मधोमध नव्हती, सांध्यापाशी लपली होती, आणि बाहेरून पाहणाऱ्याला उत्तर ठाकठीक दिसत होतं.

या कहाणीचा शेवट मला सगळ्यांत जास्त आवडतो. नवा तळ तातडीने हवा होता, कारण वायू पोहोचवण्याचे करार झालेले होते. संगणकावर सगळं नव्याने मांडून उत्तरांची वाट बघायला सवड नव्हती. तेव्हा इंजिनिअरांनी पहिल्या तळांच्या वेळी, वीस वर्षांपूर्वी वापरलेली हातची गणितं पुन्हा काढली आणि त्यांवर आराखडा केला. संगणकाचे नवे हिशेब हाती आले, तोवर आराखडा हातानेच पुरा झाला होता. नवा तळ उभा राहिला, टिकला, आणि १९९३ मध्ये तिथून वायू वाहू लागला. याचा अर्थ संगणक टाकून द्यावा असा नाही. आज तसं कुणी म्हणणारही नाही. पण यंत्राला विचारण्याआधी उत्तर साधारण किती यावं हे ज्याला हाताने मांडता येतं, त्यालाच यंत्राची चूक ओळखता येते, एवढा अर्थ नक्की आहे.

भाचीला मी विचारलं, ‘‘मग तू काय करतेस?’’ ती म्हणाली, ‘‘तीन गोष्टी. सांधा शक्यतो महत्त्वाच्या जागेपासून दूर नेते. जिथे तुटायची भीती आहे तिथे सलग विटा, आणि कवच सुरू व्हायचं ते त्या जागेपासून निदान एक-दोन जाड्या पुढे. दुसरं, आधी एक लहानसा नमुना करते, एक पट्टी, अर्धी विटांची, अर्धी कवचाची, आणि टोकाला वजन. तिचं उत्तर कागदावर काढता येतं. ते जुळलं तर पुढे. आणि तिसरं, चित्रातल्या रंगांकडे बघायच्या आधी ती वस्तू कशी हलतेय ते बघते. खोटा सांधा रंगात लपतो मामू, हालचालीत लपत नाही. दार झुलताना दिसतंच.’’

आमच्या धंद्यातही असं असतं. गझलेचा शेर दोन ओळींचा. पहिली ओळ आपल्या जागी ठीक असते, दुसरीही वजनात चोख असते, आणि तरी शेर पडतो. का, तर एका ओळीतून जे वळण दुसरीत पोहोचायचं, ते पोहोचलेलं नसतं. दोन्ही ओळी शेजारी शेजारी उभ्या असतात, एकमेकींच्या झालेल्या नसतात. मात्र माझा शेर पडला तर मैफलीत चार जण गप्प बसतात, एवढंच नुकसान. तिचा सांधा निखळला तर खाली माणसं असतात.

त्या रात्री तिने ते सुंदर रंगीत चित्र पुसून टाकलं आणि सांध्यापासून पुन्हा सुरुवात केली. मी चहा केला. कान तुटलेला कप मात्र बाजूला ठेवला.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)